माया सोडून शिवा



जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्यांत राबणाऱ्या आपल्या घरांतून तोच प्रश्न उभा राहतो. मागच्या वर्षीचा गणवेश धड आहे, कापड विरलेले नाही. पण पोरगी चार बोटे वाढली. आखूड स्कर्ट घालून वर्गात बसायला तिला लाज वाटते. तिला रागावू नये. कपड्यावरून माणसाची पायरी ठरवणारा समाज आपल्या आज्यांनी भोगला आहे. म्हणून तर १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे आखूड न नेसता घोट्यापर्यंत नेसा, असे सांगितले होते.

शिवणकामात एक गोड शब्द आहे, माया. शिलाईच्या आत किंवा खालच्या दुमडीत जास्तीचे सोडलेले कापड म्हणजे माया. तयार कपड्यात ती फारशी नसते. कारखान्याला अर्धा अर्धा इंच वाचवायचा असतो, आणि लेकरू वाढते हे त्याच्या हिशेबात बसत नाही. म्हणून विकत घेताना कपडा उलटा करून खालची दुमड आधी पाहावी, रंग नंतर.

सरकारी गणवेशाचेही तेच. २०२४-२५ साली शासनाने राज्यभरासाठी एकत्र कापड घेऊन महिला बचतगटांकडून गणवेश शिवून घ्यायचे ठरवले. अनेक ठिकाणी ते महिनोन् महिने उशिरा आले आणि कुणाला ढगळ, कुणाला घट्ट झाले. दोष शिवणाऱ्या बायांना देऊ नका; मूल डोळ्यांनी न पाहता माप कसे जुळणार? डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. या समितीत बहुसंख्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या असतात. तिथे आपण जाऊन बसले पाहिजे आणि खाली तीन इंच माया सोडावी, एवढी मागणी ठामपणे केली पाहिजे.

आता घरचा स्कर्ट. मशीन चालवता येत असेल तर एका दुपारचे काम. मुलीची कंबर २२ इंच आणि स्कर्टची उंची १४ इंच धरू. कापडाचा पन्हा ४४ इंच असला की एकच तुकडा पुरतो, कारण घेर कंबरेच्या दुप्पट लागतो. उंचीचे १४, नेफ्याला २ आणि खाली मायेचे ४, असे २० इंच झाले. अर्धा मीटर यात थोडा कमी पडतो, शिवाय सुती कापड आटते. म्हणून ६० सेंटीमीटर घ्यावे. गुलमंडी, सिटी चौकाच्या बाजूला कटपीस शोधला तर स्वस्तात पडते. कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावावी. हा आळस केला तर पहिल्याच धुण्यात माया संपते!

कापडाचे दोन्ही काठ एकमेकांवर ठेवून उभी शिलाई मारावी. काठाचे धागे सुटत नाहीत, म्हणून आत वेगळे काही करावे लागत नाही. वरची कड आधी अर्धा इंच, मग दीड इंच दुमडून नेफा शिवावा. दोन इंच जागा उघडी ठेवावी. एक इंच रुंदीचे इलास्टिक २० इंच कापून, टोकाला सेफ्टी पिन लावून आत ओवावे. दोन्ही टोके एकमेकांवर ठेवून घट्ट शिवावीत. खालची दुमड मात्र हाताने, तुरपाईने घालावी. मशीनची शिलाई उसवली की भोके दिसतात. तुरपाई अलगद निघते.

मुलाच्या चड्डीला पायाशी दोन इंच आणि मागच्या मधल्या शिलाईत एक इंच माया पुरते. मुले उंचीबरोबर मागूनही वाढतात.

बुद्धपौर्णिमेला विहारात नेण्यासाठी घेतलेला पांढरा फ्रॉक वर्षातून दोन-तीनदाच अंगावर येतो आणि पुढच्या वर्षी होत नाही. त्याच्या घेरावर खालून दोन बोटे वर, अर्ध्या अर्ध्या इंचाच्या तीन आडव्या चुण्या घालाव्यात. दिसायला नक्षी, पण एक चुणी उसवली की फ्रॉक एक इंच लांब होतो. पांढऱ्यावर जुन्या घडीची रेघही फारशी दिसत नाही. रंगीत कापडावर ती दिसते, तिथे त्याच रंगाच्या दोऱ्याने एक शिलाई मारून घ्यावी.

इलास्टिक वर्षाभरात सैल पडते. म्हणून नेफ्याची ती दोन इंच उघडी जागा शेवटी मशीनने बंद करू नका, हाताने चार टाके घाला.