पेरणीपूर्वी वाऱ्याकडे पाहावे

रोहिणी नक्षत्रात एखादी जोराची सर कोसळली की पाभर बाहेर काढावयाची, ही आपल्याकडील कित्येक गावांची रीत आहे. सर आली म्हणजे पावसाळा लागला, असा समज तिच्या मुळाशी असतो. दुबार पेरणीचा पुष्कळसा खर्च या एका समजापायी होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

वळवाच्या आणि मोसमी पावसाच्या पाण्यात भेद नाही. भेद आहे तो पाऊस आणणाऱ्या हवेत. मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरील हवा, समुद्राकडून आलेला थोडाफार दमटपणा घेऊन, उंच चढते. तिसऱ्या प्रहरी ढग गडगडतात आणि तासाभरात सारे संपते. शिवाराच्या एका अंगास ओढा वाहतो, दुसऱ्या अंगास धूळ उडत असते. मोसमी वारे मात्र हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून येतात व दिवसरात्र एकाच बाजूने वाहतात.

हे वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि जवळचे बरेचसे पाणी तेथेच सोडतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पायथ्याच्या वाईस तो हजारापर्यंतही पोहोचत नाही. घाटाच्या पूर्वेस उतरणारी हवा पुन्हा तापते व ढग विरतात. तेव्हा कोकणात पाऊस लागल्याची वार्ता माण किंवा सांगोल्याच्या शेतकऱ्याने पेरणीचा हुकूम समजू नये. त्याचा भरवशाचा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो. बंगालच्या उपसागरात उठलेली कमी दाबाची क्षेत्रे त्या सुमारास पश्चिमेकडे सरकतात, आणि तेथील रब्बी ज्वारी त्याच ओलीवर उभी राहते.

मोसमी वारे आले तरी ते टिकले पाहिजेत. २०२५ साली ते २६ मे रोजीच मुंबईस पोहोचले. पुढे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांची आगेकूच थांबली. २०२३ साली ते ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आले, पण मुंबईस येण्यास २५ जून उजाडला. मूग-उडिदास उशीर मानवत नाही, हे मला मान्य आहे. तरीही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चांगला वाफसा आल्याखेरीज कोरडवाहू जमिनीत महागडे बियाणे टाकणे म्हणजे जुगारच होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस माझी एक सूचना आहे. हवामान खात्याचा अंदाज शेतकऱ्यांना वाचून दाखवावाच. त्याजबरोबर मोकळ्या जागी उंच काठीवर एक कापडी पट्टी बांधावी. मेअखेरपासून सकाळी, दुपारी व रात्री वारा कोणीकडून आहे, खालचे ढग कोठून कोठे धावतात आणि किती पाऊस मोजला, हे वहीत लिहावे. दुपारी येऊन रात्री पडणारा वारा मोसमी नव्हे. रात्रीही पश्चिम-नैर्ऋत्येचा वारा सुटलेला आहे आणि सकाळपासूनच आभाळ भरलेले आहे, असे सलग चार-पाच दिवस दिसले व जमिनीत पुरेशी ओल असली, तर पाभर खुशाल जुंपावी. वही मात्र पेरणीनंतर बंद करू नये. सप्टेंबरातल्या नोंदी रब्बीच्या वेळी लागतात.