दुसरा गोली नव्हता म्हणून

1 नोव्हेंबर 1959. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सामना सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटे झाली होती. रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा फटका माँट्रियल कनेडियन्सचा गोली (गोलरक्षक) जाक प्लांट याच्या थेट तोंडावर बसला. आइस हॉकीचा पक म्हणजे घट्ट रबराची चकती. तीन इंच रुंद, इंचभर जाड, वजन साधारण 170 ग्रॅम. ती उसळू नये म्हणून आधी गोठवून ठेवतात. नाकाजवळ फाटले, बर्फावर रक्त सांडले. प्लांटला आत नेऊन टाके घालेपर्यंत सामना वीसेक मिनिटे खोळंबला. टाके पडल्यावर त्याने प्रशिक्षक टो ब्लेक यांना सांगून टाकले, की मुखवटा घालू देणार असाल तरच पुन्हा उतरतो. ब्लेक यांनी नाइलाजाने मान डोलावली. कनेडियन्सनी सामना 3-1 ने जिंकला.

हा प्रसंग गेली साठ-पासष्ट वर्षे एका धाडसी माणसाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. धाडस होतेच. पण त्या रात्रीचा खरा निर्णायक तपशील वेगळाच आहे: ब्लेक यांच्याकडे दुसरा गोली नव्हता.

तेव्हा नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) संघ सहाच होते, आणि प्रत्येक संघ एकच गोली बाळगत असे. दुसऱ्याचा पगार कशाला भरायचा, हा मालकांचा हिशेब. म्हणजे या धंद्यातल्या सर्वोच्च नोकऱ्या मोजून सहा, आणि खालच्या लीगमध्ये त्यांवर डोळा ठेवून बसलेले कितीतरी. दुखापत झाली म्हणून घरी बसलात, तर परत आल्यावर तुमच्या जागी दुसराच उभा. 1957 मध्ये डेट्रॉइटच्या टेड लिंडसे याने खेळाडूंची संघटना बांधायला घेतली, तर मालकांनी ती मोडून काढली आणि लिंडसेची रवानगी त्या वेळच्या रडतखडत चाललेल्या शिकागो संघात केली. त्याच्यासोबत गोली ग्लेन हॉललाही पाठवले. हा हॉल ओळीने 502 सामने खेळला, सगळे उघड्या चेहऱ्याने. सामन्याआधी त्याला ओकारी होत असे, आणि बघणारे ती कौतुकाने सांगत! प्लांटचाच समवयस्क टेरी सॉचक याचा चेहरा 1966 साली ‘लाइफ’ मासिकाने छापला. आयुष्यभरात पडलेले टाके रंगभूषाकाराने त्यावर पुन्हा उठवून दाखवले होते. चेहऱ्यावर जागा म्हणून उरली नव्हती. या सगळ्याला मर्दुमकी म्हणायची रीत होती. माझ्या मते ती मालकांना फुकटात पडणारी मर्दुमकी होती.

एकच गोली ठेवण्याची काटकसर त्या रात्री मालकांच्याच अंगाशी आली. पाहुण्या संघाचा गोली जायबंदी झाला तर यजमानांनी बसवून ठेवलेला एखादा हौशी माणूस उभा करायचा, एवढीच काय ती सोय. ओळीने चार वर्षे लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप जिंकलेल्या संघाने असा माणूस गोलात उभा करायचा? अडला हरी, दुसरे काय.

मुखवटा काही त्या रात्री आकाशातून पडला नव्हता. 1930 मध्ये क्लिंट बेनेडिक्टने नाक मोडल्यावर चामड्याचा मुखवटा थोडे सामने वापरून पाहिला होता. नीट दिसत नाही म्हणून टाकला. प्लांट स्वतः सरावात मुखवटा घालत असेच. नवा मुखवटा फायबरग्लास कंपनीत काम करणाऱ्या बिल बर्चमोर याने बनवला. प्लांटच्या डोक्यावर बायकांचा मोजा ओढला, चेहऱ्याला व्हॅसलीन फासले, श्वासासाठी नळ्या दिल्या आणि वर प्लास्टर ओतून साचा घेतला. त्यावरून कातडीच्या रंगाचे, पातळ, चेहऱ्याला चिकटून बसणारे कवच तयार झाले. ब्लेक यांची हरकत होती की याने पायाशी आलेला पक दिसणार नाही. शिवाय भीती गेली की गोली ढिला पडतो, हाही एक लाडका सिद्धान्त होता. तो मांडणारे स्वतः गोलात उभे राहत नसत, हे ओघाने आलेच.

हट्ट धरायला माणूसही तसाच लागतो. प्लांट क्वेबेकमधल्या गरीब घरातला, अकरा भावंडांत थोरला. दम्यामुळे फार वेळ जोरात स्केटिंग जमेना, म्हणून लहानपणीच गोलात उभा राहिला. लोकरीच्या टोप्या स्वतः विणायचा, मोठा खेळाडू झाल्यावरही. टोरोंटोत संघाच्या हॉटेलात दम उसळतो म्हणून वेगळीकडे उतरायचा. गोल सोडून मागे जाऊन पक अडवायचा, बचावपटूंना ओरडून जागा सांगायचा. आज प्रत्येक गोली हेच करतो, तेव्हा ते आगाऊपणाचे वाटे. लोक विक्षिप्त म्हणतील याची सवय त्याला आधीपासून होती.

8 मार्च 1960 ला ब्लेक यांच्या आग्रहाखातर तो डेट्रॉइटविरुद्ध मुखवट्याशिवाय उतरला. संघ 0-3 ने हरला. मुखवटा परतला तो कायमचा. त्या वसंतात कनेडियन्सनी सलग पाचवा कप नेला. 1962 मध्ये प्लांटला लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट करंडक मिळाला, आणि पुढच्याच वर्षी क्लबने त्याला रेंजर्सकडे धाडले. बदल्यात आलेल्यांत गंप वर्स्ली होता: मुखवट्याला नाक मुरडणारा गोली. गरज सरो, वैद्य मरो. (वर्स्लीनेही 1974 मध्ये, अगदी शेवटच्या काही सामन्यांत, मुखवटा चढवलाच.) प्लांट 1965 मध्ये निवृत्त झाला, 1968 मध्ये सेंट लुइस संघाकडून खेळायला परतला आणि चाळिशीत हॉलच्या जोडीने गोलींसाठीचा व्हेझिना करंडक सातव्यांदा घेऊन गेला. 1970 च्या अंतिम फेरीत बोस्टनचा एक वळलेला फटका कपाळावर बसून मुखवटा तडकला, प्लांट बेशुद्ध पडला. मुखवट्यानेच आपला जीव वाचवला असे तो नंतर सांगे. 1986 मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये कर्करोगाने गेला.

गोलींचा प्रश्न 1974 पर्यंत संपला. उघड्या तोंडाने खेळणारा शेवटचा गोली, पिट्सबर्गचा अँडी ब्राउन, त्या वर्षी लीगमधून गेला. बाकीच्या खेळाडूंना हेल्मेटची सक्ती आली 1979 मध्ये, तीही जुन्यांना सूट देऊन, त्यामुळे क्रेग मॅकटॅविश 1997 पर्यंत बोडक्या डोक्याने खेळू शकला. डोळ्यांपुढच्या काचेची सक्ती 2013 मध्ये आली, त्यातही तीच सूट. ऑक्टोबर 2023 मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला स्केटचे पाते गळ्यात घुसून अॅडम जॉन्सन हा खेळाडू मेला. त्यानंतर 2025 च्या करारात एनएचएलने गळ्याचे संरक्षण सक्तीचे केले: 2026-27 च्या हंगामापासून, आणि फक्त तोवर लीगचा एकही सामना न खेळलेल्या नवोदितांना.