सनदा जपल्या, शिपाई विसरलो

आपल्या शहराचे नावच फौजेवरून पडले आहे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला, त्या तळाचे गाव झाले आणि गावाचे नाव लष्कर राहिले. कंपू म्हणजे छावणी, जिन्सी म्हणजे तोफखाना आणि शिंदेकी छावनी तर उघडच आहे. रोज भाजी आणायला आपण ज्या रस्त्यांनी जातो, त्यांची नावे फौजेने ठेवलेली आहेत. येथील जुन्या मराठी घराण्यांपैकी बहुतेकांचा मूळ पुरुष एकतर तलवार घेऊन आला, नाहीतर तलवारवाल्यांचा हिशेब लिहायला आला. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीही.

पण हा अभिमान कोठे येऊन थांबतो, याचा विचार वाचकांनी करावा. बुराडी घाटावर १७६० च्या जानेवारीत दत्ताजी शिंदे पडले, हे आपल्या मुलांनाही पाठ असते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर आपल्या घराण्यातले कोण होते, याची यादी अनेक घरांत तोंडपाठ आहे. सनदा प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून ठेवलेल्या असतात, वंशावळी फ्रेम करून लावलेल्या असतात. त्याच घरात जाऊन विचारा की १९१४ ते १९१८ या काळात घरातले कोणी लढाईवर गेले होते का? १९३९ ते १९४५ या काळात कोणी ब्रह्मदेशात, इजिप्तमध्ये किंवा इटलीत होते का? उत्तर बहुधा एकच मिळते. "होते म्हणतात कोणीतरी, आजोबांचे चुलते की काय." अडीचशे वर्षांपूर्वीचा पुरुष नावानिशी ठाऊक आणि शंभर वर्षांपूर्वीचा 'कोणीतरी', अशी आपल्या स्मरणाची अवस्था आहे.

असे का झाले? पहिले कारण असे की सनद सरदाराला मिळते, शिपायाला मिळत नाही. सनदेमागे जमीन होती, वतन होते, पुढे कोर्टकचेऱ्या होत्या. म्हणून कागद जपावा लागला. शिपायाच्या मागे राहिले ते एक पदक, एखादे डिस्चार्जचे कागद आणि एक विधवा. दुसरे कारण राजकीय आहे. त्या लढाया इंग्रजांच्या होत्या. स्वातंत्र्यानंतर त्यांचा उच्चार करणे अवघड वाटू लागले. तिसरे कारण आपल्या ग्वाल्हेरपुरते आहे. येथील शिपाई पुष्कळदा इंग्रजांच्या पलटणीत नव्हता, संस्थानच्या फौजेत होता. २८ मे १९४८ ला मध्यभारत राज्य झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. ज्या दरबाराने त्याला लढाईवर पाठवले तो दरबारच उरला नाही. इंग्रजांनी त्याला संस्थानचा मानले, नव्या भारताने इंग्रजांचा मानले आणि आपण तर त्याला विसरलोच.

तेव्हा निदान काय घडले होते ते थोडक्यात सांगू. १९०० साली चीनमध्ये बॉक्सरांचे बंड झाले तेव्हा माधवराव महाराज स्वतः तिकडे गेले होते आणि 'ग्वाल्हेर' नावाचे इस्पितळ-जहाज त्यांनी सज्ज करून दिले होते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ साली त्यांच्याच पुढाकाराने संस्थानिकांनी 'लॉयल्टी' हे दुसरे इस्पितळ-जहाज उभे केले. जहाजांची हकीकत पुस्तकांत आली, कारण ती महाराजांची होती. शिपायांची हकीकत अशी की ग्वाल्हेरच्या तिसऱ्या पलटणीचा अर्धा भाग पूर्व आफ्रिकेवर पाठवलेल्या फौजेत होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये टांगा बंदरावर इंग्रजांचा जो दारुण पराभव झाला, तो त्याच मोहिमेतला. चौथी पलटण इजिप्तला गेली आणि अलवर व पतियाळा संस्थानांच्या पलटणींबरोबर सुएझ कालव्याच्या रक्षणाला राहिली. १९१८ साली ती जॉर्डनच्या खोऱ्यात जनरल चेटर यांच्या फौजेत होती. वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल, पण त्याच ब्रिगेडमध्ये तिच्या शेजारी ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. म्हणजे दख्खनचा मराठा आणि ग्वाल्हेरचा शिपाई जॉर्डन नदीच्या काठी एकाच उन्हात बसले होते.

त्या सप्टेंबरच्या २३ तारखेला जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने हैफा शहर घेतले. ही घटना आज देशाला माहीत आहे. दिल्लीत तीन मूर्ती उभ्या आहेत आणि २०१८ साली त्या चौकाला हैफाचे नाव जोडले गेले. त्याच २३ तारखेला चेटर यांच्या फौजेने सॉल्ट घेतले आणि २५ ला अम्मान घेतले. त्या फौजेत ग्वाल्हेरची पलटण होती, हे ग्वाल्हेरमध्ये कितीजणांना ठाऊक आहे? जोधपूरच्या लोकांनी आपल्या माणसांची आठवण धरून ठेवली, पाठपुरावा केला, आणि म्हणून ती आठवण राष्ट्राची झाली. आपण पाठपुरावा केला नाही. दोष दिल्लीला देण्याआधी एवढे मान्य करायला हरकत नाही.

स्मारके झालीच नाहीत असे नाही. इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या मोहिमांत मेलेल्या आणि कबर नसलेल्या हिंदी सैनिकांसाठी सुएझ कालव्याच्या मुखाशी पोर्ट तौफिक येथे १९२६ साली स्मारक झाले. हिंदू शिपायाचे दहन होई, त्यामुळे कबर नसणे हेच त्याच्या बाबतीत साहजिक होते. १९६७ ते १९७३ च्या अरब-इस्रायल लढायांत ते स्मारक उद्ध्वस्त झाले आणि १९८० साली त्याच्या जागी कैरोजवळ हेलिओपोलिस येथे नवे उभारले गेले. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. ब्रह्मदेशात रंगूनजवळ टौक्यान येथील स्मारकावर दुसऱ्या महायुद्धातली सुमारे सत्तावीस हजार नावे आहेत. पण पहिल्या महायुद्धानंतर बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावे न कोरता केवळ संख्या देण्यात आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून कबूल केले की हिंदी आणि आफ्रिकी मिळून ४५ ते ५४ हजार मृतांना गोऱ्यांच्या बरोबरीने स्मरले गेले नाही, आणि त्याशिवाय किमान १ लाख १६ हजार जणांची तर नावानिशी नोंदच झाली नाही. पहिल्या महायुद्धात सुमारे तेरा लाख हिंदी लोक गेले आणि ७४ हजार परत आले नाहीत. या हिशेबात ग्वाल्हेरचे किती, हे शोधण्याचे काम ग्वाल्हेरकरांनी नाही करायचे तर कोणी करायचे?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळून चालणार नाही. ते इंग्रजांसाठी लढले, पोटासाठी लढले. त्यांचा गौरव कशाला? शिवपुरीजवळ हातोद गावी कर्नल गुरबक्षसिंग ढिल्लों २००६ पर्यंत राहत होते. तेही आधी इंग्रजांच्याच सैन्यात होते, सिंगापूरला कैद झाले, आझाद हिंद सेनेत गेले आणि लाल किल्ल्यातल्या खटल्यात आरोपी म्हणून उभे राहिले. एकाच सैन्यातून निघालेल्या माणसांना काळाने दोन वाटांवर नेले. ज्याने वाट बदलली त्याचा सन्मान योग्यच आहे. पण जो हुकुमाप्रमाणे जात राहिला आणि परक्या वाळूत मेला, तो काही आपला वैरी नव्हता. स्मरण म्हणजे जयजयकार नव्हे. तो कोठे गेला, कोणाच्या हुकुमाने गेला, त्याच्यामागे घर कसे चालले, हे खरे खरे सांगणे म्हणजे स्मरण. इंग्रजांच्या साम्राज्याची किंमत कोणत्या घरांनी भरली, हेही त्यातूनच कळेल.

आता कामाचे बोलू. शोध घरापासून सुरू होतो. माळ्यावरच्या ट्रंकेत पदक असेल तर ते घासून लख्ख करू नका. त्याची कड भिंगातून पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर हाच मजकूर मागच्या बाजूला असतो. चांदीची पदके कित्येक घरांतून सोनाराकडे गेली, पण फिती, फोटो, पेन्शनचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या राहिलेल्या असतात. फोटोच्या मागे काय लिहिले आहे ते आधी वाचा. कागद मोडीत असेल तर रद्दी समजू नका. मोडी वाचणारे आता आपल्यात थोडे उरले आहेत, ते आहेत तोवर वाचून घ्या.

त्यानंतर युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी पाहाव्यात. त्या सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत. तेथे आडनावाने शोधून बहुधा निराशा होईल. त्या काळच्या कारकुनाने शिपायाचे नुसते नाव, बापाचे नाव आणि गाव-तहसील लिहिले, आणि तेही इंग्रजीत ऐकू आले तसे. म्हणून पलटणीच्या नावाने शोधा आणि मग गाव जुळवा. ब्रिगेडींच्या युद्धदैनंदिन्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत शिपायाचे नाव क्वचित येते, पण अमुक तारखेला पलटण कोठे होती हे कळते. आणखी एक धागा आहे. विलीनीकरणानंतर ग्वाल्हेरची चौथी पलटण कुमाऊँ रेजिमेंटची चौदावी पलटण झाली आणि पुढे मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीची पाचवी. त्या रेजिमेंटचे केंद्र महाराष्ट्रात अहिल्यानगरला आहे. म्हणजे ग्वाल्हेरच्या पलटणीचा वंश आज पूर्वीच्या अहमदनगरात नांदतो आहे आणि आपल्याला पत्ता नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. एक, नसलेले जोडू नये. शिपायाचा सुभेदार करू नये, तळावर तापाने मेलेल्याला रणात पाडू नये. तापाने मेलेला माणूसही लढाईवर गेलेलाच होता. दुसरे, यादी फक्त आपल्यांची करू नये. संस्थानच्या फौजेत केवळ मराठे नव्हते. पलटणीबरोबर भिस्ती होते, मोतद्दार होते, स्वयंपाकी होते आणि १८९५ च्या चित्रळ मोहिमेपासून नावाजलेल्या ग्वाल्हेरच्या ट्रान्सपोर्ट कोअरमधले खेचरवाले होते. त्यांच्या घरी सनद नाही आणि वंशावळही नाही. मराठी समाजाने पुढाकार घेऊन ग्वाल्हेरच्या सर्व जाती-धर्मांच्या माणसांची यादी केली, तर येथे आपण कोण, हा प्रश्न विचारणाऱ्यांना वेगळे उत्तर द्यावे लागणार नाही. दोनशे वर्षे राहूनही आपल्याला 'दक्षिणी' म्हणून बाजूला काढणारे भेटतात. त्यांना सरंजामाचे कागद दाखवून काही साधत नाही.

पंजाबकडे पाहा. तेथील सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या गावनिहाय नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात शतकभर पडून होत्या. पहिल्या तीन जिल्ह्यांच्या नोंदी २०२१ मध्ये सर्वांना खुल्या झाल्या आणि परदेशात स्थायिक झालेल्या नातवंडा-पणतवंडांना आपली गावे सापडली. आमची शासनाकडे मागणी सरळ आहे: संस्थानच्या लष्करी खात्याचे जे दफ्तर शिल्लक आहे त्याची सूची करावी, ते स्कॅन करावे आणि लोकांना पाहू द्यावे. या मागणीवर येथील प्रत्येक उमेदवाराला आपण मत मागायला आल्यावर प्रश्न विचारला पाहिजे. त्याच्या पक्षाचा रंग कोणताही असो.

पण दफ्तर उघडेपर्यंत थांबायला वेळ नाही. दुसऱ्या महायुद्धात गेलेला सर्वांत तरुण शिपाईही आज शंभरीला पोचला असता. त्याची मुले आता सत्तरी-ऐंशीत आहेत. लष्करातले जुने वाडे विकले जात आहेत आणि वाडा रिकामा करताना पहिल्यांदा ट्रंक बाहेर जाते. म्हणून प्रत्येक घराने या दिवाळीच्या साफसफाईत एवढेच करावे: घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसून लढाईवर कोण कोण गेले होते ते विचारावे आणि नाव, गाव, पलटण, साल एका कागदावर लिहून मंडळात आणून द्यावे. सालाची खात्री नसेल तर तसे लिहावे. नुसते नाव मिळाले तरी चालेल, कारण बसऱ्याला तेवढेही लिहिले गेले नाही.