जमीन मागितली, म्हणून जमीन नाकारली

मेलबर्न आणि शेपार्टनमधल्या मराठी बंधुभगिनींनो,

मरे आणि गोलबर्न नद्यांचा हा परिसर योर्ता योर्ता या आदिवासी लोकांचा मुलूख आहे. इथल्या सरकारी जमिनीवर आणि पाण्यावर त्यांनी १९९४ साली नेटिव्ह टायटलचा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा, दावा लावला. ११४ दिवस सुनावणी चालली, २०१ साक्षीदार झाले. १९९८ साली न्यायमूर्ती ओल्नी यांनी दावा फेटाळला आणि २००२ साली ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने पाच विरुद्ध दोन मतांनी तो निकाल कायम केला. ज्या कसोटीवर हा दावा हरला, ती कसोटीच अन्यायाची आहे आणि ती संसदेने बदलली पाहिजे, असे माझे ठाम म्हणणे आहे.

इंग्रजांचा अंमल बसल्यापासून आजतागायत पूर्वजांचे कायदे आणि रीती जवळजवळ अखंड पाळल्या, हे दावेदारांनीच सिद्ध करायचे, अशी ती कसोटी. पण खंड पाडला कोणी? १८८१ साली इथल्या मलोगा मिशनमधल्या ४२ आदिवासींनी गव्हर्नरकडे अर्ज केला: आमचा सगळा मुलूख सरकारने आणि गोऱ्या वसाहतवाल्यांनी घेतला आहे, निदान पोट भरण्यापुरती जमीन कसायला द्या. शंभरावर वर्षांनी तोच कागद त्यांच्या वंशजांच्या विरोधात गेला. परंपरेने जमीन राखणे यांच्या पूर्वजांनी तेव्हाच सोडले होते, याचा तो पुरावा ठरला! दुसरीकडे, याच मुलखात मेंढ्या चारायला आलेल्या एडवर्ड कर यांनी १८८३ साली छापलेल्या आठवणींना मोठे वजन मिळाले. योर्ता योर्ता आज नदीतून गरजेपुरतेच मासे काढतात, तर कर यांनी त्यांच्या पूर्वजांना उधळे म्हटले होते, म्हणून कोर्टाच्या मते ही काटकसर परंपरा नव्हे. होडीसाठी साल काढलेल्या झाडांवरचे वण ते जपतात, तर पूर्वजांना त्यांचे महत्त्व होते असा पुरावा नाही, म्हणून तेही परंपरेत बसत नाही. ज्यांची जमीन गेली त्यांच्या आजोबा-पणजोबांची रीत काय होती, हे ज्यांना जमीन मिळाली त्यांच्यापैकी एकाच्या वहीवरून ठरवायचे, याला न्याय कसा म्हणावा?

लोक विचारतील, न्यायाधीश कायद्याने बांधलेले, त्यांचा काय दोष? म्हणूनच माझा रोख कायद्यावर आहे. चालीरीती बदलल्या तर हक्क कसा टिकेल, असेही विचारले जाते. पण शेजारच्या शेतकऱ्याला, तुझे पणजोबा जसे नांगरत तसाच नांगरतोस का, असे कोणी विचारत नाही. त्याचा सातबारा सालाबाद चालतोच. (इथे अशा मालकीच्या जमिनीला फ्रीहोल्ड म्हणतात.) घरे, शेते जातील ही भीती तर निराधार आहे. फ्रीहोल्ड जमिनीवरचा नेटिव्ह टायटल कायद्याने केव्हाच संपलेला आहे. राहता राहिला याच परिसरातल्या बार्मा जंगलाच्या सहव्यवस्थापनाचा, सरकार आणि योर्ता योर्ता यांच्यातला २००४चा करार. तो चांगलाच आहे, पण सरकारने दिलेला वाटा आणि कोर्टाने मान्य केलेला हक्क या दोन गोष्टी वेगळ्या.

सातत्य गृहीत धरावे आणि ते तुटले असे सिद्ध करण्याचा बोजा सरकारवर टाकावा, अशी सूचना न्यायमूर्ती रॉबर्ट फ्रेंच यांनी २००८ साली मांडली होती. तशी तरतूद नेटिव्ह टायटल कायद्यात करावी आणि हुसकावल्यामुळे पडलेला खंड दावेदारांच्या माथी मारू नये, एवढीच मागणी आहे. ज्यांना इथे मताचा हक्क आहे त्यांनी आपापल्या मतदारसंघातल्या खासदाराला तसे पत्र लिहावे, आणि आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा.