कोष्टक आणि त्यांतील स्थिरांक

कोष्टक पुढें ठेवून ‘प्रमाणाचा स्थिरांक काढा’ असें म्हटलें, कीं आमचे बहुतेक विद्यार्थी पहिल्याच ओळींतील दोन संख्यांचा भागाकार करून लेखणी खालीं ठेवतात. गुण मिळतात, परंतु ही संवय घातक आहे, असें आमचें मत आहे.

कसारा ते इगतपुरी हा थळ घाटांतील लोहमार्ग १८६५ सालीं खुला झाला. त्याचा तीव्रतम चढ ३७ फुटांस १ फूट आहे. (गाडीस मागून जादा इंजिनें जोडावीं लागतात, तीं ह्या चढामुळेंच.) तेवढ्याच टप्प्याचें कोष्टक मांडलें, तर ३७ फुटांस १, ७४ फुटांस २, १११ फुटांस ३; चढास अंतरानें भागिलें असतां प्रत्येक ओळींत १/३७ च येतो. म्हणून तो स्थिरांक. हाच अंक सबंध घाटास लावून कोणी इगतपुरीची उंची काढूं म्हणेल, तर ती वास्तवाहून अधिक निघेल. कारण घाट सर्वत्र तितका उभा नाहीं. पहिली ओळ हें कधींच सांगणार नाहीं.

भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ ग्रंथांत त्रैराशिक सांगितलें: फलास इच्छेनें गुणून प्रमाणानें भागावें. फल भागिलें प्रमाण, हाच तेथें दडलेला स्थिरांक. पण गुणोत्तर टिकतें तेथेंच ही रीत चालते. टॅक्सीच्या भाड्यांत आरंभींचा ठरीव आकार मिसळला, कीं अंतर दुप्पट झालें तरी भाडें दुप्पट होत नाहीं. परीक्षकांनीं अशींही कोष्टकें घालावींत, आणि ‘येथें स्थिरांक नाहीं’ ह्या उत्तरास पूर्ण गुण द्यावेत.