यंत्रे आली, शिक्षकांचे काय?

शिक्षणाच्या क्षेत्रात नव्या विषयांचे आगमन वाजतगाजत होते. त्यांचे प्रस्थान मात्र कुणाच्या ध्यानातही येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली माध्यमिक पूर्व इयत्तांपासून आज्ञावली लेखनाचा, म्हणजे कोडिंगचा, पुरस्कार केला. त्यापूर्वी एक वर्ष केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय सुरू केला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने त्याहीपुढे जाऊन २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच या विषयाची ओळख करून देण्याचा संकल्प जाहीर केला. आपल्या गोव्यानेही मागे न राहता सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कोडिंग व रोबोटिक्स शिक्षणाची योजना आखली आणि शाळाशाळांतून साहित्याचे संच पोहोचविले. घोषणांच्या बाबतीत कुणालाही उणे काढता येणार नाही. प्रश्न आहे तो घोषणा आणि वर्ग यांमधल्या अंतराचा.

आमचा या विषयांना विरोध नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. आज आठवीत बसलेला मुलगा उद्या ज्या जगात पोटापाण्याचा उद्योग शोधणार आहे, त्या जगात बंदर, बँक, हॉटेल, इस्पितळ यांपैकी कोणतेही ठिकाण संगणकावाचून चालणारे नाही. पणजी-मडगावातील सुखवस्तू घरांतील मुले हे ज्ञान शाळेत मिळाले नाही तर शिकवणीला जाऊन, घरच्या संगणकावर बसून मिळवतील. सत्तरीतील किंवा काणकोणातील कष्टकऱ्याच्या मुलीला ते शाळेतच मिळाले तर मिळेल. म्हणूनच हा विषय शाळेत यायला हवा. आणि म्हणूनच तो नुसता नावाला येऊन चालणार नाही.

नावाला येणे म्हणजे काय, याचा अनुभव या देशाने एकदा घेतलेला आहे. १९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेचा एक प्रकल्प हाती घेतला आणि अडीचशे शाळांतून बीबीसी मायक्रो या ब्रिटिश बनावटीच्या संगणकांची स्थापना केली. हेतू उदात्त होता. परंतु शिक्षकांचे प्रशिक्षण अल्प मुदतीचे, शिकण्याचे साहित्य बहुतांशी इंग्रजीत आणि संगणकाचा वेळापत्रकातील विषयांशी संबंध जवळजवळ शून्य, अशी त्याची अवस्था होती. यंत्रे जुनी झाली आणि त्यांच्याबरोबर उत्साहही जुना झाला. आज चाळीस वर्षांनंतरची अधिकृत आकडेवारी सांगते की, २०२४-२५ मध्ये देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय होती. म्हणजे दर तीन शाळांपैकी एकीच्या उंबरठ्यावर संगणक अजून पोहोचलेलाच नाही. आणि जिथे तो पोहोचला तिथे तो शिकविणारा आहे की नाही, हे या आकड्यांतून कळत नाही.

गोव्यापुरते बोलायचे तर आमच्यासमोर याहून निराळा आणि अभिमानास्पद असा एक धडा आहे. १९६१ साली हा प्रदेश मुक्त झाला तेव्हा खेडोपाडी सरकारी शाळा हा प्रकार अपवादानेच आढळत होता. मुक्तिलढ्यात उतरलेल्यांनी स्वराज्याचा जो अर्थ मनाशी धरला होता, त्यात गावात शाळा असणे हा एक मोठा अर्थ होता. कै. दयानंद बांदोडकरांच्या सरकारने १९६३ नंतरच्या अवघ्या काही वर्षांत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. इमारती तयार होईपर्यंत ते सरकार थांबले नाही. देवळाच्या मंडपात, कुणाच्या घरच्या सोप्यावर वर्ग भरले. फळा एक, खडू मोजके. परंतु समोर शिक्षक उभा होता. गोव्यात पुरेसे शिक्षक नव्हते तेव्हा ते महाराष्ट्रातून आले. त्या पिढीने आधी शिक्षक शोधला आणि मग इमारत बांधली. आजचा क्रम नेमका उलटा आहे. आधी संच खरेदी होतात, त्यांची छायाचित्रे निघतात आणि ते शिकविणार कोण याचा विचार सवडीने होतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आणि हे अशक्य आहे असेही नाही. आमच्यासारखेच समुद्राकाठचे असलेले केरळ राज्य पाहा. डॉ. यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर त्या राज्याने २००१ साली शाळांतील संगणक शिक्षणाचा प्रकल्प सुरू केला. त्यांनी बाहेरच्या कंपन्यांचे प्रशिक्षक काही काळासाठी भाड्याने आणण्याऐवजी शाळांतील शिक्षकांमधूनच मुख्य प्रशिक्षक तयार केले. कुणालाही विनामूल्य वापरता व बदलता येईल अशा मुक्त प्रणालींचा स्वीकार केला, त्यामुळे परवान्याचा खर्च वाचला. पाठ्यपुस्तके इंग्रजीबरोबरच मल्याळममध्येही काढली. २०१७ साली त्या प्रकल्पाला स्वतंत्र सरकारी कंपनीचे स्वरूप दिले आणि पुढच्याच वर्षी हायस्कुलांतून विद्यार्थ्यांची मंडळे स्थापली. एवढी मशागत केल्यानंतर २०२४ मध्ये सातवीच्या पुस्तकात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि २०२५ मध्ये दहावीच्या पुस्तकात रोबोटिक्स आले. पंचवीस वर्षांच्या त्या वाटचालीत सरकारे बदलली, मुख्यमंत्री बदलले. काम मात्र चालू राहिले. आम्हांला केरळकडून उसने घ्यायचे असेल तर त्यांचे पुस्तक नव्हे, हे सातत्य घ्यावे.

आता खुद्द विद्यार्थ्याच्या तयारीकडे वळू. नव्या विषयांची तयारी म्हणजे संगणकाच्या कळा दाबता येणे, असा एक समज पालकांत आणि काही संस्थाचालकांतही रूढ आहे. भ्रमणध्वनी हाताळण्यात आजची मुले आपल्या वडिलांनाही हार जाणार नाहीत. म्हणून त्यांना संगणकशास्त्र येते असे म्हणायचे काय? खरी तयारी असते ती विचाराच्या शिस्तीची. एखादे काम टप्प्याटप्प्याने मांडणे, कोणत्या परिस्थितीत काय करायचे हे निःसंदिग्धपणे सांगणे आणि चूक झाल्यास ती कोणत्या टप्प्यावर झाली हे शोधणे, याचे नाव आज्ञावली. ही शिस्त गणितातून येते, व्याकरणातून येते आणि सभोवतालच्या निरीक्षणातूनही येते.

यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. दिवाडी, चोडण किंवा कुडतरीच्या खाजन शेतीत बांधावर बसविलेली मानस आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलेली आहे. भरतीचे पाणी चढले की बाहेरच्या दाबाने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने तीच दारे उघडतात आणि शेतात साचलेले पाणी बाहेर जाते. बाहेरचे पाणी आतल्याहून उंच आहे काय? असल्यास दार मिटावे, नसल्यास उघडावे. आमच्या गावकरांनी शतकानुशतके चालविलेली ही व्यवस्था म्हणजे स्वयंचलित नियंत्रणाचा पहिला पाठच होय. सातवीच्या मुलांना बांधावर नेऊन हे दाखवावे, मग वर्गात त्याची प्रतिकृती करावी, तिला पाण्याची उंची मोजणारा संवेदक जोडावा आणि त्यासाठी चार ओळींची आज्ञावली लिहावयास सांगावी. दारे लाकडाची असोत वा विजेवर चालणारी, त्यामागचा विचार एकच आहे हे त्या मुलांना कायमचे समजेल. परदेशातून आलेल्या संचातील खेळण्याची गाडी पुढेमागे चालविण्यापेक्षा हे शिक्षण निश्चितच खोल जाईल.

येथे भाषेचा प्रश्न आल्यावाचून राहत नाही. आमच्या सरकारी प्राथमिक शाळांतील बहुसंख्य मुले चौथीपर्यंत मराठीतून वा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जाऊन पडतात. त्या धक्क्यातून ती पुरती सावरली नाहीत तोच सहावीत हा नवा विषय इंग्रजी संज्ञांचे ओझे घेऊन समोर उभा राहतो. विषय अवघड नसतो. तो ज्या भाषेत येतो ती अनोळखी असते. नव्या धोरणानेही शक्य तेथे आठवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेतून शिकविण्याची शिफारस केलेली आहे. माध्यमाचा वाद १९९० आणि २०११ या दोन्ही वेळी आम्ही पुष्कळ घातला. तो पुन्हा उकरून काढण्याची येथे गरज नाही. इंग्रजी पुस्तकासोबत मराठी आणि कोंकणीतील एक हस्तपुस्तिका व संज्ञांचा छोटा कोश द्यावा, आणि शिक्षकाने समजावून सांगताना मुलाच्या भाषेचा संकोच बाळगू नये, एवढीच आमची मागणी आहे.

दुसरे भय परीक्षेचे. आज्ञावली म्हणजे काय, तिचे प्रकार किती, ते उदाहरणासह लिहा, असे प्रश्न एकदा सुरू झाले की हाही विषय घोकंपट्टीच्या घाण्याला जुंपला जाईल. ज्याचे मूल्यमापन करायचे ते विद्यार्थ्याने केलेले काम असावे, त्याची पाठांतरशक्ती नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट हवी. विचारल्याबरोबर आत्मविश्वासाने उत्तर देणारे यंत्र चुकतही असते. त्याच्या उत्तरावर शंका घेणे, ते दुसऱ्या साधनाने पडताळून पाहणे आणि स्वतःचा निबंध स्वतः लिहिणे, ही सवय लावणारा शिक्षक नसेल, तर हे साधन मुलांच्या हाती न दिलेलेच बरे.

म्हणून शिक्षण खात्याला आमचे सांगणे थोडके आहे. गणित व विज्ञानाच्या शिक्षकांना चार दिवसांची शिबिरे पुरे नाहीत. त्यांच्या तासिका कमी करून वर्षभर टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण द्या. जिथे एका शाळेला स्वतंत्र शिक्षक परवडत नाही, तिथे जवळच्या तीन-चार शाळांमिळून एक कायम शिक्षक नेमा. कंत्राटावरचा, वर्ष संपताच निघून जाणारा नको. यंत्रांच्या खरेदीइतकीच त्यांच्या दुरुस्तीची तरतूद दरवर्षी अर्थसंकल्पात दाखवा. आणि प्रयोगशाळा शाळा सुटल्यानंतरही तास-दोन तास उघडी ठेवा, कारण ज्या मुलाच्या घरी संगणक नाही त्याला सराव करायला दुसरी जागाच नाही. संस्थाचालकांनीही माहितीपत्रकावर यंत्रमानवाचे चित्र छापण्यापूर्वी कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, याची चौकशी करावी.

साठ वर्षांपूर्वी या भूमीतल्या मुलांना अक्षर मिळाले ते एका पिढीने मनावर घेतले म्हणून. ज्यांच्या घरात तोवर कुणी पाटी धरली नव्हती, अशा घरांतून त्यानंतर शिक्षक, डॉक्टर, अधिकारी निर्माण झाले. नव्या युगाची अक्षरे वेगळी आहेत. ती शिकण्याचा हक्क मात्र सोप्यावर बसून बाराखडी गिरविणाऱ्या त्या मुलांच्या नातवंडांनाही तितकाच आहे. तो त्यांना मिळाला की नाही, हे किती संच वाटले यावरून ठरणार नाही. दहावीच्या बाकावरून उठणाऱ्या खेड्यातील मुलीला आपल्या हाताने काय करता येते, यावरून ते ठरेल. सरकारने आपला हिशेब त्या मापाने मांडावा.