गोलरक्षकाचे बलार्ध कोण पाहणार?

पावसाळा सुरू झाला की भाईंदर पश्चिमेतील माझ्या चिकित्सालयात खांदा, मनगट वा गुडघा दुखावलेले शाळकरी गोलरक्षक येऊ लागतात. पालकांची मागणी ठरलेली असते, ‘एखादे चांगले तेल द्या.’ आपणही महानारायण तेलाची बाटली देऊन मोकळे होतो. व्यायाम कसा चालतो, हे मात्र विचारत नाही.

१९८३-८४ ची संतोष करंडक स्पर्धा गोव्याने एकही गोल न स्वीकारता जिंकली, तेव्हा गोलरक्षक होते ब्रह्मानंद शंखवाळकर. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढे मोल असलेल्या या स्थानाचे श्रमही निराळे आहेत. ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच चौकट राखणारा हा खेळाडू इतरांपेक्षा पुष्कळ कमी धावतो. परंतु झेप, भूमीवर आघात व तत्काळ उत्थान हे त्याचे श्रम क्षणिक आणि तीव्र असतात. तरीही अनेक ठिकाणी त्याला सर्वांबरोबर फेऱ्या मारायला लावून, थकल्यावर झेपांचा सराव देतात. थकलेला देह नीट पडत नाही. कूर्पर, मणिबंध व जानु ही मर्मस्थाने आघात सोसतात.

वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी मनुष्यासही शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीच व्यायाम सांगितला आहे. अन्य ऋतूंत त्याहून अल्प. मुंबई परिसरात फुटबॉल मात्र वर्षा ऋतूत, बल क्षीण असताना बहरतो. खेळ थांबवणे शक्य नाही, इष्टही नाही. झेपांचा सराव आरंभीच, थोड्या आवर्तनांत व मध्ये विश्रांती देऊन व्हावा, एवढे आपण प्रशिक्षकांना निश्चित सांगू शकतो. आपल्या दमट हवेत घाम लगेच येतो. म्हणून श्वास मुखावाटे वाहू लागणे हे सुश्रुतोक्त बलार्धलक्षण अधिक विश्वसनीय मानावे. सामन्यात ही मर्यादा ओलांडली जाणारच. सरावात ती रोज ओलांडली जाऊ नये.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. विषतिंदुक वटी व अग्नितुंडी वटी यांत कुपीलु असतो. त्यातील स्ट्रिक्निन हे द्रव्य जागतिक उत्तेजकविरोधी यादीनुसार स्पर्धाकाळात निषिद्ध आहे आणि औषध कोणीही दिले तरी दोष खेळाडूच्या माथी येतो. म्हणून ‘तू स्पर्धेत खेळतोस का?’ हे विचारल्याविना आणि वैद्याच्या चिठ्ठीविना अशी गोळी देऊ नये.

स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे. त्यासाठी वैद्याने अधूनमधून मैदानावरही जायला हवे.